दगडाच्या झाडापाशी काढलेला फोटो
वडिलांच्या फोटोचा हार बदलताना दरवेळी माझं डोकं फिरतं. पंचाहत्तर साल असेल. वडील लष्करात, जैसलमेरला. त्यांनी पहिल्यांदाच बोलावलं म्हणून आई आणि मी पलूसहून तिथं गेलो. रविवारी वाळवंटातली दगड झालेली झाडं बघायला निघालो, तर जीपमध्ये साहेबांचं कुटुंबही. वाळू भट्टीसारखी तापलेली, तीत आडवी पडलेली खोडं, सालीसकट दगड झालेली. बुटांत वाळू गेली म्हणून साहेबांच्या मुलीनं भोकाड पसरलं. ती माझ्याच वयाची. वडिलांनी तिचे बूट काढून माझ्या हातात दिले आणि तिला खांद्यावर घेतलं. माझी तर स्लिपर तुटलेली, पाय भाजत होते. मी त्यांचा सदरा ओढला. म्हणाले, “गप चाल. ड्युटीवर हाय मी.” साहेबांनी फोटो काढला तेव्हा ते बूट धरून मी बाजूला उभी होते. वडिलांचा धड फोटो तेवढाच, म्हणून तोच भिंतीवर लागला. टोपीच्या सावलीत खांद्यावरच्या पोरीचा चेहरा दिसत नाही. कुणी विचारलं, “ही तुमची लेक का?” की आई म्हणायची, “व्हय, आमचीच.” मला तिचा संताप यायचा. आता आई नाही. परवा नातीनं विचारलं, “आजी, खांद्यावर तू आहेस ना?” मी म्हणाले, “व्हय, मीच.”