कडीचं माप

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पिंजरेवाली पत्र्याच्या शेडमध्ये बसून नव्या पिंजऱ्याच्या तोंडाला कडी बसवत होती. पक्कड हातात, तारेचं भेंडोळं मांडीशी, स्टुलावरचा चहा केव्हाच गार झालेला.

पाणथळीतली मासेमारी या पिंजऱ्यांवर चालते. आमिषाच्या वासानं सापासारखी लांबट वाम मासळी नरसाळ्यासारख्या तोंडातून आत शिरते आणि तिला परत फिरता येत नाही. तिच्यामागून पाणमांजर शिरतं. तेही अडकतं, पण त्याला श्वासासाठी वर यावं लागतं.

तिचा नवरा होता तेव्हा त्याच्या पिंजऱ्यात बुडून मेलेली मादी निघाली होती. पिंजरेवालीनं सुतळी घेऊन त्या मादीच्या डोक्याचा घेर मोजला आणि त्याहून बोटभर लहान कडी वळवली. नवरा म्हणाला, "आता वामांनाही बोलावून कमरेचं माप घे." पण त्यानं कडी बसवली. तो गेल्यावर ती कड्या घेऊन दारोदार फिरली. लोक तिला 'पाणमांजरांची आई' म्हणून चिडवायचे. हळूहळू धक्क्यावरच्या सगळ्या पिंजऱ्यांना कड्या आल्या. त्यानंतर मेलेलं पाणमांजर कुणी आणलं नव्हतं. पाणथळ कार्यालयातल्या बाईंनी यंदा एकाच मादीला पिल्लं झाल्याचं सांगितलं, तेव्हा ती मनातून सुखावली होती. एक तरी होती.

दाराशी दीर उभा राहिला. हातात ओलं पोतं.

"या ना भावजी. आज लवकर परतलात?"

त्यानं पोतं जमिनीवर ठेवलं. आत दोन पिल्लं होती. मेलेली.

"कडी काढून टाकली होतीत?"

"कडी आहे तिथंच आहे, वहिनी. म्हणून तर तुमच्याकडे आणलं."

तिनं हातातली कडी एका पिल्लाच्या डोक्यावरून सरकवली. कुठंही न अडता ती मानेपर्यंत गेली. माप आईचं होतं.

"आई बाहेरच होती," दीर म्हणाला. "पिंजरा वर ओढला तर कडी दातांत धरून लोंबकळत होती. सोडेचना. मग काठापर्यंत होडीमागं ओरडत आली."

तिनं कडी काढून घेतली. "हे पहिल्यांदाच झालं?"

तो तंबाखूची डबी उघडून नुसताच बघत राहिला.

"भावजी, विचारतेय मी."

"गेल्या वर्षी एक मेलेलं पिल्लू निघालं होतं. सोडून दिलं पाण्यात. तुम्ही एवढं जीव तोडून केलेलं, कशाला तुमचं मन दुखवा म्हटलं."

"तुम्हीच की बाकीच्यांनीही?"

"बाकीच्यांनीही. सगळ्यांना तुमची कणव आहे."

तिनं कडी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाली, "आणखी लहान करते कडी."

"मग वाम कुठून शिरणार? तुमच्या शब्दाखातर एकदा ऐकलं लोकांनी. दुसऱ्यांदा नाही ऐकायचे. खरं सांगू, मीही नाही ऐकणार."

"मग पिल्लांच्या दिवसांत पिंजरे उचलून ठेवा."

"आणि खायचं काय? तुमच्या कड्या?" बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. "माफ करा, वहिनी."

"त्यात माफी कसली. बरोबरच आहे."

शेडमागं खड्डा त्यानं खणला, माती तिनं ओढली. तो घरी गेला. कार्यालयातल्या बाईंना कळवायला तिनं फोन हातात घेतला. बाईंनी मागं तिच्या पहिल्या कडीचा फोटो काढून नेला होता; तो त्यांच्या भिंतीवर आहे. तिनं फोन लावला. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्या मादीला जोडीदार मिळेल का, हे तिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ती परत पिंजऱ्याशी बसली. कडी नको म्हणावं, तर मादीही बुडणार. कडी ठेवावी, तर मादी तेवढी उरेल. तिनं कडी तोंडाला लावली आणि तारेचे वेढे पिळून घट्ट केले.

उद्या पहाटे साडेपाचला होड्या निघतील. प्रत्येक पिंजऱ्याच्या तोंडाला कडी असेल, त्याच मापाची.