आधी मार लिहा

"हात फळीवर ठेव," धाकटा मालक म्हणाला.

मी ठेवला. त्यानं मागातला धोटा उचलला आणि माझ्या बोटांवर हाणला. जड लाकूड, टोकाला लोखंड. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. माग त्यानंच बंद करायला लावले होते. बायका-गड्यांनी नीट बघावं म्हणून.

कबनूरच्या त्या कारखान्यात मी धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. सुताचा एक गठ्ठा नाहीसा झाला होता. कुणी नेला, मला आजही ठाऊक नाही. पण धरलं मला एकटीला. मी कैकाड्याची. इंग्रजानं आमची जमातच गुन्हेगार म्हणून नोंदवली होती. तो कायदा रद्द झाला. लोकांच्या तोंडातनं गेला नाही.

पोलीस ठाण्यात फौजदारानं केस धरून मला भिंतीवर आपटलं. कानात नुसता गोंगाट. मग खुर्चीत बसून त्यानं शांतपणे कायदा सांगितला. "बाहेरच्यानं चोरी केली तर तीन वर्षं. नोकरानं मालकाची केली तर कलम तीनशे एक्क्याऐंशी. सात वर्षं." मी सुजलेला हात पुढं केला. म्हटलं, ह्याचं पण लिहा. तो म्हणाला, पडली असशील.

गठ्ठा तोच. मी नोकर म्हणून शिक्षा दुपटीच्या वर. आणि मालकाच्या हाताला कलमच नाही. त्या दिवशी हे मला लख्ख कळलं.

तेवढ्यात बा आला. पाठोपाठ धाकटा मालक. सगळ्या कामगारांसमोर चोरी कबूल करून ही पाया पडली तर तक्रार मागं घेतो, म्हणाला. बाचं बालपण गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सरकारी वसाहतीत तारेच्या कुंपणाआड गेलेलं. पोलीस दिसला की तो आधी हात जोडायचा. मी तोंड उघडायच्या आत तो मालकाच्या पायांवर पडला.

"कबूल कर पोरी. सात वर्सं लई असत्यात गं."

मालकानं बुटाच्या टाचेनं त्याला बाजूला लोटलं. बाच्या तोंडातनं रक्त आलं. फौजदार हसला.

मी एका हातानं बाला उठवलं. म्हटलं, "मी चोरी केल्याली न्हाय. पाया पडणार न्हाय. घाला तुमचं कलम."

कोठडीत पुन्हा मारलं. कोर्टात उभं केल्यावर मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

"न्हाय. आन् माजी बोटं मोडली, त्येला कंचं कलम लागतं, त्ये सांगा सायेब."

मॅजिस्ट्रेटनी माझा हात बघितला आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं.

पुराव्याअभावी मी सुटले. निकालाआधीच बा गेला होता. लोकांच्या लेखी चोराचा बाप म्हणून गेला. धाकट्या मालकाला एका दिवसाचीही कैद झाली नाही.

आता आमच्या वस्तीतल्या कुणालाही उचललं की मी ठाण्यात जाऊन बसते. शिव्या देतात, ढकलून काढतात. मी परत आत जाते आणि एकच सांगते. आधी मार लिहा. चोरीचं मग बघू. लिहिल्याशिवाय मी उठत नाही.