दिवसाचा पहारा

लढाईनं जगाचं काय केलं ते जगाला ठाऊक. मोरदऱ्याचं म्हणाल तर तिनं या गावाचा दिवसच पळवून नेला.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागावं, भिंगार मागं टाकावं, की दीड-दोन कोसांवर मोरदरा. छावणीत लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायचा डेपो वाढला, माणसं कमी पडायला लागली, आणि औताला हात न लावणारी पोरं एकाएकी कामसू झाली. जुन्यापान्या सायकली आल्या. भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचं म्हणून उजाडता उजाडता सगळी धुरळा उडवीत निघायची, ती दिवेलागणीला परत. मधल्या वेळात गावात कोण? म्हातारी माणसं, बायका, पोरंटोरं आणि कुत्री. डेपोत नव्हते तेही दुधाच्या किटल्या नाहीतर गवताचे भारे घेऊन नगरला जायचे आणि दिवसभर तिथंच हॉटेलांच्या बाकांवर लढाईच्या बातम्या ऐकत बसायचे.

बरं, संध्याकाळी येणारी माणसं नुसती येत नसत. दर खेपेला नगरची एखादी सवय कॅरियरला बांधून आणत. पाहुण्याला दूध देणारं गाव चहा द्यायला लागलं. जाताना सायकलला बाजरीची पिशवी अडकवली की गिरणीतून आयतं पीठ यायचं, म्हणून जाती कोपऱ्यात गेली. भजनाला सिनेमाच्या चाली लागल्या. हजामत रविवारी, सोयरीक रविवारी, गावकी रविवारी. नवराबायकोची भांडणंसुद्धा रविवारपर्यंत राखून ठेवायची पद्धत पडली. पारावर बसून ज्यांची अर्धी हयात गेली ते आता 'टाइम न्हाई' म्हणायला शिकले. बाबांनो, टाइम नाही, मग सायकलनं वाचलेला टाइम ठेवता कुठं? पण ते विचारायची सोय नव्हती. विचारणारा अडाणी ठरायचा.

सहादेव विचारत नसे. साठीला टेकलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. नदीकाठचं थोडं रान, बैलजोडी, बायको साळूबाई आणि एकुलता मुलगा बन्सी, एवढा त्याचा संसार. गळ्यात लहानपणापासून माळ. गाव त्याला तात्या म्हणायचं आणि वर्षातनं एकदा, सप्त्याच्या वेळी, त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

मोरदऱ्याचा सप्ता चैत्रात बसायचा आणि हनुमान जयंतीला उठायचा. सात दिवस मारुतीच्या देवळात वीणा उभी राहायची. म्हणजे कुणीतरी ती गळ्यात घालून, नाम घेत, उभं राहायचं. एकाच्या गळ्यातनं निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. खाली ठेवायची नाही आणि धरणाऱ्यानं बसायचं नाही. पहिल्या दिवशी मारुतीपुढं नारळावर हात ठेवून ज्यानं त्यानं आपला पहारा बोलायचा. बोललं की बोललं. वीणा खाली ठेवली तर सप्ता खंडला, आणि सप्ता खंडला तर त्याची झळ कुणाला तरी लागल्याशिवाय राहत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. प्लेगाच्या सालात अख्खा मोरदरा घरं सोडून माळावर खोपटांत राहायला गेला, तेव्हा सहादेवच्या बापानं वीणाही खोपटात नेली, पण सप्ता मोडू दिला नाही. हे सहादेव कधी मिरवायचा नाही. मिरवायची ती साळूबाई. माहेरच्या माणसांत बसली की नवऱ्याच्या वीणेचा विषय काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

डेपो आल्यावर रात्रीच्या पहाऱ्यांना झुंबड व्हायला लागली. कामावरनं आलेली पोरं हौसेनं उभी राहायची, वर पेटी, वर चहा. दिवसाच्या पहाऱ्याला मात्र माणूस मिळेना. मागं उरलेल्या म्हाताऱ्यांच्यानं घटकाभरही उभं राहवत नसे. पूर्वीही दिवसा शेतीची कामं असतच की. पण रान माणसासाठी थांबतं, भोंगा थांबत नाही. सहादेव काही न बोलता दिवसाचे पहारे आपल्याकडं घ्यायला लागला. पहिल्या साली एक घेतला, दुसऱ्या साली दोन, आणि गावानं ते गृहीत धरलं. माणसाचा चांगुलपणा गृहीत धरायला गावाला फार दिवस लागत नाहीत.

याच दिवसांत शामकांतराव गावात राहायला आले. डेपोच्या हपिसात कारकून. छावणीजवळच्या जागा लष्करी लोकांनी भरल्या, म्हणून त्यांनी पाटलाची माडी भाड्यानं घेतली आणि तेही सायकलनं जाऊ-येऊ लागले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. कुणाला नगरहून औषध आणून दे, कुणाचा रजेचा अर्ज लिहून दे, असं त्यांचं चाललेलं असायचं. गावातली पोरं त्यांच्यासारखा भांग पाडायची आणि कुठलीही गोष्ट करण्याआधी शामकांतराव काय म्हणतील याचा विचार करायची. बन्सी तर त्यांच्या पुढ्यात बोलतानासुद्धा शब्द निवडून बोलायचा.

त्या चैत्रात सप्ता बसला आणि साळूबाईला ताप भरला. दोन दिवसांत छाती भरून आली. शामकांतरावांनी गोळ्या आणून दिल्या, शेजारच्या रंगुबाईनं शेक दिला. पाचव्या दिवशी सकाळी सहादेव देवळात जायला बिचकत होता, तर साळूबाईनंच त्याला घालवलं.

"जावा तुमी. वाईच बरं वाटतंय. दुपारचा पहारा बन्सीचाच हाय न्हवं? मग या घरी."

बन्सीनं सायकल काढता काढता सांगितलं, "आबा, अर्ध्या दिसाची रजा काढून येतो. दुपारी हायेच मी."

सहादेवनं वीणा गळ्यात घेतली. देवळात त्याच्या सोबतीला एकटे आप्पासाहेब पाटील, खांबाला टेकून टाळ वाजवीत बसलेले. अर्धांगानं त्यांचा एक पाय गेला होता. उठवून बसवलं की बसायचे.

ऊन डोक्यावर आलं, कललं. रस्त्यावर बन्सीची सायकल दिसेना. रंगुबाई डोईवरचा पदर सावरीत पायरीशी आली.

"भावजी, साळूला दम लई लागलाय. एकडाव येऊन जावा म्हनती."

"आत्ता यील बन्सी. आला की लगी येतो म्हनावं."

रंगुबाई गेली. सहादेव नाम घेत राहिला आणि दर सायकलच्या घंटीला मान वळवून बघत राहिला. दोन घंट्या वाजल्या. एक पोस्टमन, एक कुणी वाटसरू. पोराला बोलावून आणावं तर पाठवायचं कुणाला? आणि फाटकावरचा शिपाई बिल्ल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हता.

रंगुबाई परत आली ती धापा टाकीत. आता तिनं आवाज खाली घेतला नाही.

"भावजी, दाराकडं डोळं लावून पडलीया ती. मी सांगतीया, येत्यात, येत्यात. कितींदा खोटं बोलू? द्या ती वीना माज्या गळ्यात. मी ऱ्हाते हुबी."

सहादेवचा हात वीणेच्या पट्ट्याकडं गेला. खरंच गेला. आप्पासाहेबांचे टाळ थांबले.

"सहादेवा, इचार कर," ते म्हणाले. "बाईच्या गळ्यात सप्त्याची वीना गेल्याली म्या तरी आयकली न्हाई."

सहादेवला आप्पासाहेबांची भीती नव्हती, गावाचीही नव्हती. त्याच्या मनात वेगळंच होतं. सप्ता खंडला तर झळ लागते. आणि आज झळ लागायला सगळ्यांत जवळ कोण होतं? अंथरुणावर पडलेली साळू. वीणा सोडली तर देव तिलाच नेईल. आपण इथं उभं आहोत तोवर तिचा श्वास चालू आहे, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. तो बायकोला टाकून उभा नव्हता. तो तिच्यासाठीच उभा होता.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "तुमी जावा. तिच्यापशी बसा."

रंगुबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की पुढं कित्येक वर्षं तो त्या बाईसमोर मान वर करू शकला नाही.

उन्हं उतरली. मग गल्लीतनं बायकांचा हंबरडा आला. सहादेवनं रंगुबाईचा आवाज ओळखला आणि सगळं कळलं. तरी तो बसला नाही. बोटं तारेवर फिरत होती, तोंडातून नाम निघत होतं. इतक्या वर्षांची सवय, ती थांबवायची कशी हेही त्याला कळत नव्हतं. आप्पासाहेब पडल्या आवाजात "अरं देवा, अरं देवा" करीत राहिले.

मग भोंग्यानंतरच्या सायकली आल्या. घंट्या, हसणं, कुणीतरी शीळ घालतंय. बन्सीनं चपला काढल्या, घाईघाईनं पाय धुतले आणि वीणा घ्यायला ओशाळ्या तोंडानं पुढं झाला.

सहादेवनं त्याला हातानं मागं सारलं.

"तू न्हाई," तो म्हणाला. "तुला चालत न्हाई आता."

बन्सीला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. गळ्यातली वीणा सुतकातही दुसरा येईतोवर उतरवायची नसते, पण सुतक लागलेल्यानं ती नव्यानं घ्यायची नसते, एवढं सायकलवाल्यांच्या अजून लक्षात होतं. आपली आई गेली हे त्या पोराला असं कळलं. तो देवळाच्या पायरीवर मटकन बसला आणि ओरडून रडला. वीणा तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात गेली, आणि सहादेव घराकडं निघाला, आता घाई करण्यात काही अर्थ नसताना.

साळूबाईचं तोंड दाराकडंच होतं. ते कुणी वळवलं नव्हतं.

बन्सीनं का येऊ नये? ते त्यानं दहाव्याच्या दिवशी, नदीवरनं परत येताना सांगितलं. त्या दिवसाच्या आठवडाभर आधी एकानं जत्रेसाठी रजा मागितली होती, तर सगळं हपीस त्याला हसलं होतं. त्या हसण्यात शामकांतरावही होते. मग सप्त्याच्या वीणेसाठी रजा मागायला बन्सीची जीभ रेटेना.

"आई आजारी हाय म्हनायचं की रं," सहादेव म्हणाला. "ते तर खरंच हुतं."

"सुचलंच न्हाई, आबा. डोक्यात निसती वीना हुती. त्याचीच लाज वाटत हुती." बन्सी रडायला लागला. सहादेवनं त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं, पण त्याच्यानं झालं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. सगळे सायकलवाले, हजामती करून, धुतलेल्या कपड्यांत. सहादेवला बोलावून मानानं पुढं बसवलं. शामकांतराव उठले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"तात्यांवर जी वेळ आली ती पुन्हा कुणावर येऊ नये," ते म्हणाले. "आपण सगळी नोकरीची माणसं. दिवसा पहाऱ्याला माणूस मिळत नाही, हे आता मान्य करायला हवं. माझं साधं म्हणणं आहे. सकाळी कामावर जाताना वीणा देवापुढच्या खुंटीवर ठेवावी. संध्याकाळी आलं, अंघोळ केली, की पुन्हा गळ्यात घ्यावी. सात दिवस तसेच. शेवटी देव भावाचा भुकेला."

सहादेवला वाटलं, आता कुणीतरी उठेल. सप्ता खंडेल असं कुणीतरी म्हणेल. प्लेगाच्या सालाची आठवण कुणीतरी काढील. त्यानं एकेका तोंडाकडं पाहिलं. सगळ्या माना हलत होत्या. आजवर मनात होतंच, बोलणारा भेटत नव्हता, असे सगळे मोकळे झालेले दिसत होते.

"बराबर हाय," एक जण म्हणाला. "टायमाप्रमानं चालाय पायजे."

सहादेवनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते.

"काळ बदाललाय," आप्पासाहेब म्हणाले. "देवालाबी समजतंच की."

झालं. पिढ्यान् पिढ्या कुणी खाली न ठेवलेली वीणा चहाचं आधण उकळायच्या आत खुंटीला गेली. ना कुणाचा आवाज चढला, ना कुणाला भीती वाटली. आकाश काही कोसळलं नाही. सहादेव देवापुढच्या त्या खुंटीकडं बघत राहिला. शिसवी लाकडाची, हाताला येईल एवढ्या उंचीवर, त्या दिवशी तो उभा होता तिथून दोन पावलांवर.

"तात्या," शामकांतरावांनी अदबीनं विचारलं, "तुमची काही हरकत नाही ना?"

"माजी कसली हरकत?" सहादेव म्हणाला. "खुंटी त्या दिशीबी हुतीच की."

बन्सी उठून बाहेर गेला. तेवढ्यात चहा आला, आणि बाकीच्यांनी तो घेतला.