पाणक्याचा दगड

मला लिहायची सवय नाही. घरची पत्रंसुद्धा बायकोच लिहायची, मी खाली सही करायचो. पण आमचा वाटाड्या गेल्या महिन्यात गेला आणि वाचनालयाच्या पुस्तिकेसाठी जो तो त्याच्या आवाजाबद्दल लिहितोय. आवाज होताच तसा. गल्लीत त्याला भोंगा म्हणत. माझी बायको तोंडावर ‘भोंगाभाऊजी’ म्हणायची आणि तो खूश व्हायचा. मला जे सांगायचंय ते आवाजाबद्दल नाही.

भोंगा या गावात भूगोलाचा शिक्षक म्हणून आला. निवृत्त झाल्यावर पाहुण्यांना किनाऱ्यावरची लढाईची ठिकाणं दाखवू लागला. वाळूतले सिमेंटचे अडथळे, टेकडीच्या पायथ्याची विहीर, माथ्यावरची तोफेची चौकी, स्मारकाचे दगड. नुसतं बोलून त्याचं भागत नसे. विहिरीपाशी तो पत्र्याचा डबा काठोकाठ भरायचा आणि पाहुण्यांपैकी एकाला तो चौकीपर्यंत न्यायला लावायचा. पायऱ्या एकशे बारा. “वजन कळल्याशिवाय लढाई कळत नाही,” म्हणायचा.

त्या चौकीत नऊ सैनिक होते. हल्ल्याच्या दिवशी दुपारपासून त्यांना पाणी मिळालं नाही आणि संध्याकाळपर्यंत नऊही गेले. कित्येक वर्षांनी पायऱ्यांच्या वळणावर भोंग्याला एक गंजका डबा सापडला, बुडाशी भोक पडलेला. त्यावरून त्यानं जुळवलं, की पाणी नेणारा पाणक्या तिथंच गोळी लागून पडला असणार. सैनिकांची नावं दगडावर होती, पाणक्याचं कुठंच नव्हतं. ते त्याच्या मनाला लागलं. दोन वर्षं दारोदार फिरून त्यानं वळणावर दगड बसवून घेतला: ‘अनामिक पाणक्याच्या स्मरणार्थ’.

तो पाणक्या मी.

तेव्हा वीस वर्षांचा होतो, चौकीच्या कामाला लागून दोनच दिवस झाले होते. हल्ल्याच्या दिवशी तीन खेपा केल्या. चौथीला वळणावर आलो, वरून गोळीबाराचा आवाज आला. भरलेला डबा खाली ठेवला आणि घरी गेलो. मला साधं खरचटलंही नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही गाव सोडलं. बारा वर्षांनी मी पत्र्याचं काम शिकून परतलो, तोवर मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

भोंग्याचा डबा गळायला लागला की तो माझ्याच दुकानात आणायचा. मी डाख द्यायचो आणि तो समोर स्टुलावर बसून पाणक्याबद्दल बोलायचा. “त्याची आई वाट बघत बसली असेल हो.” माझी आई त्या दिवशी मला जेवायला वाढत होती. मी मान खाली घालून कानस चालवायचो. नऊ वर्षं असं चाललं. बायकोलाही सांगितलं नाही.

मग एकदा नवा डाख टिकतो का बघायला भोंग्यानं मला फेरीला ओढून नेलं. त्या दिवशीचे पाहुणे सगळे आमच्याच वयाचे. डबा कुणी उचलेना.

“आमच्या ह्यांना द्या,” एक बाई म्हणाल्या. “घरी कधी तांब्या उचलला नाही.”

“माझी कंबर गं!” ह्यांनी कंबर धरली. सगळे हसले.

“मग आमचे कारागीर नेतील,” भोंगा म्हणाला. “चला हो, तुमचाच डबा आहे.”

एवढी माणसं बघत होती, नाही म्हणता आलं नाही. उचलला. कडी बोटांत रुतत होती. पाहुणे मागं राहिले, भोंगा तेवढा बरोबर होता. वळणावर दगडासमोर आलो आणि डबा खाली ठेवला.

“दमलात? बसा जरा.”

“मी इथंच ठेवला होता,” मी म्हणालो.

“काय?”

“डबा. तेव्हा. मला गोळी लागली नव्हती.”

तो दगडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

“पाणी होतं त्यात?”

“काठोकाठ.”

“अजून चाळीस पायऱ्या,” तो म्हणाला.

तेवढ्यात पाहुणे धापा टाकत येऊन पोचले. भोंगा त्यांच्याकडे वळला.

“मंडळी, हा दगड मी बसवला. पाणक्या इथं मेला नाही. पाणी इथवर आलं, पुढं गेलं नाही. खात्री न करता मी इतकी वर्षं लोकांना भलतंच सांगत आलो. चूक माझी आहे, माफ करा.”

“अहो, तुम्ही कशाला माफी मागता?” त्या बाई म्हणाल्या. “पळाला तो पाणक्या!”

मी भोंग्याच्या शेजारीच उभा होतो. ‘तो मी’ एवढंच म्हणायचं होतं. मी चपलेतला खडा काढत राहिलो. मग भोंग्यानं डबा उचलला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वरपर्यंत नेला.

त्यानंतर प्रत्येक फेरीत तो तसंच सांगायचा आणि माफी मागायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. डबा मात्र माझ्याकडेच आणायचा. पण स्टुलावर बसायचा नाही. फळीवर ठेवून “उद्या नेतो” म्हणायचा.

शेवटचा आणलेला डबा अजून माझ्याकडे आहे. डाख देऊन झालाय. वाचनालयानं तो घेऊन जावा. या कागदाखाली मी सही करतोय. दगडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण यापुढं फेरीत कुणी भोंग्याच्या वतीनं माफी मागू नये. ती मी मागायची होती.