सासवडसारखा माळ

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याइतका गवतावर जीव टाकणारा प्राणी, गाईगुरं सोडली तर, अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा सापडणार नाही. पॉइंट कुकला तो आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि शनिवार उजाडला की त्याच्या अंगात माळ संचारतो. वेरिबी मागे टाकून पश्चिमेला निघालं की घरं संपतात आणि नजर पोचेल तिथवर नुसतं गवत लागतं. पुण्याहून आलेले पाहुणे बिचारे पेंग्विन बघायच्या आशेने गाडीत बसायचे आणि हा त्यांना या गवतात उतरवायचा. पेंग्विनचा सीझन संपला, असं बिनदिक्कत सांगायचा. एवढ्याशा पिवळ्या फुलासाठी त्याने माझ्या सासूबाईंना भर माळावर गुडघ्यांवर बसवलं. मग त्यांना उठवायला आम्ही सगळे लागलो. इथल्या मूळ लोकांच्या बायका या फुलाचे कंद खणून भाजत असत, हे त्यांना उठवतानाही त्याचं सांगणं चालूच होतं.

त्याचा खरा जीव शेतांच्या कडेच्या गडग्यांवर. चुना नाही, सिमेंट नाही, जुन्या मेंढपाळांनी जमीन मोकळी करताना काळे दगड एकावर एक रचून ठेवलेले. त्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "आपलाच दगड. तिकडेही लाव्हा, इकडेही लाव्हा. डोळे बारीक करा, दिवे घाट चढून सासवडला आल्यासारखं वाटेल." आम्ही करायचो डोळे बारीक. मला मेंढ्या दिसायच्या. एकदा तर त्याच्या सासूबाईंनी एका एकट्या उभ्या दगडाला म्हसोबा समजून पर्समधलं हळदकुंकू वाहिलं. काय चाललंय म्हणून तिथला शेतकरी ट्रॅक्टर थांबवून बघायला आला. "मदर-इन-लॉ, मेट," एवढंच हा म्हणाला आणि त्या शेतकऱ्याला ते पुरलं.

मैत्रीण मूळची सासवडची. ती गाडीतून उतरतच नसे. गळ्यात माळ घालीन म्हणाला होता, घातला हा असला माळ, असं पुटपुटत ती फोनवर आईशी बोलत बसायची. सुरुवातीची कितीतरी वर्षं तिला इथे अजिबात करमलं नव्हतं.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच फार पसरलेला. एकदा सासवडला जाऊन यायचं, एवढंच ती मागत होती. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. हा त्यांच्याशी भांडला, मग घरी येऊन गॅरेजमध्ये एकटाच बसून राहिला. पुढच्या शनिवारी तीच त्याला म्हणाली, चल, तुझा माळ तरी दाखव. मी मागच्या सीटवर उशा धरून बसले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याशी तो गाडी हळू करत होता.

गडग्यापाशी गाडी थांबवून त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं. वारा सुटला होता, गवत फुलांवर होतं. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"खरं सांग," ती म्हणाली, "सासवडसारखं दिसतं का रे हे?"

"नाही," तो म्हणाला. "कुठूनच नाही दिसत."

"मग इतकी वर्षं सगळ्यांना का सांगत होतास?"

"त्यांना कुठे सांगत होतो? तुला गाडीत ऐकू जावं म्हणून बोलायचो. तुला इथे करमावं म्हणून."

ती हसली. त्याचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला. "वेड्या, करमलं की रे मला," म्हणाली. मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आत ती गेली. आता शनिवारी मी त्याच्याकडे डबा घेऊन जाते. परवा न राहवून विचारलं, एकट्याला करमतं का रे? "नाही," तो म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधायला उठला.