अडीचची वायर

जळक्या वायरीचा वास आला की मला जामसर गावातल्या ताईच्या घरातली ती अंधारी खोली आठवते. तिथे उन्हाऐवजी जांभळ्या दिव्यांखाली ताई मिरचीची रोपं वाढवायची. वायरमन भावोजींना म्हणाला होता, "एवढ्या दिव्यांना ही वायर बारीक पडंल, अडीचची ओढा." भावोजी हसले, "बायकांच्या खेळाला जाड वायर कशाला?" एका संध्याकाळी ती वायर वितळून पेटली आणि खालच्या रोपांच्या ट्रेवर पडली. ताईने जळता ट्रे हातांनीच ओढून अंगणात आणला. तिचे तळवे सोलून निघाले. मी त्यांवर पाणी ओतत असताना भावोजी धावत आले, आम्हाला ओलांडून आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "टीव्ही चालतोय." ताईला आता भाकरी थापता येत नाही. परवा भावोजी पाहुण्यांना सांगत होते, "हिला आयतं खायची सवय लागलीय." तेव्हा ताई वाकड्या बोटांनी भावोजींनाच भात वाढत होती.