मिकायच्या नावाचा कागद

जेनालिन ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तीनचाकी, भाड्यानं चालवते. भाड्यावरून हुज्जत घालते, बंदराच्या नाक्यावर पुरुषांच्या रांगेत आपली गाडी दामटून लावते, म्हणून गावानं तिला तोंडाळ ठरवून टाकलं होतं. पोरीच्या कागदासाठी तिनं अकरा महिने जिवाचं रान केलं, तेव्हाही लोक एवढंच म्हणाले की हिला भांडायला नवीन निमित्त मिळालं. लोकांना काय जातंय म्हणायला.

मिकाय साडेतीन वर्षांची झाली तरी हाकेला वळून बघत नव्हती. बोलणं तर नाहीच. दारातल्या चपला मात्र लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायची, आणि कुणी त्यातली एक पायात घातली की डोकं जमिनीवर आपटायची. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, थांबा, बोलेल. सुरहानोनं, गावच्या वैदूनं, धुरी देऊन सांगितलं, झाडातल्या तामावो भुतानं हिची जीभ धरून ठेवलीय, त्याला एक कोंबडी द्या. शेजारीण तर सगळा दोष जहाजावर कामाला गेलेल्या बापावर घालून मोकळी झाली. जो तो शहाणा. जेनालिननं सगळ्यांचं ऐकलं, कोंबडीसुद्धा दिली, आणि मग ऐकणं बंद केलं.

तिला एवढंच कळलं होतं की गावातल्या सरकारी शाळेत अशा मुलांसाठी एक वर्ग आहे. आठच मुलं, जूनमध्ये सुरू होतो. तिथल्या बाई मिकायला घ्यायला तयार होत्या, पण कागदाशिवाय त्यांचेही हात बांधलेले. कागद म्हणजे ऑटिझमचं निदान, त्याखाली मुलांच्या वाढीच्या डॉक्टरची सही. असे डॉक्टर तीन तासांवर इलोइलो शहरात, आणि तिथली यादी वर्षभर लांब. जेनालिन दर सोमवारी फोन लावायची.

"पुन्हा तुम्हीच का, मम्मी?" पलीकडची मुलगी विचारायची. तिथे प्रत्येक आईला मम्मीच म्हणतात.

"मीच. पुढच्या सोमवारीही मीच असेन."

घरात वेगळीच लढाई होती. सासूबाई, नानाय चोलेंग, दिवसभर नातीला सांभाळायच्या आणि कागदाचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या.

"आमच्या घराण्यात असलं कुणी नाही. माझ्या नातीला वेड्यात काढायला निघालीस?"

"वेड्यात नाही, शाळेत घालायला निघालेय."

"डॉक्टरीण बघेलच की. पोर सुधारतेय."

हे सुधारणं म्हणजे काय ते जेनालिनला कळलं मे महिन्यात, थेट इलोइलोला, डॉक्टर पालमारेस यांच्या खोलीत.

नानाय नवा झगा घालून बरोबर आल्या होत्या. खोलीत पाऊल ठेवताच मिकाय सरळ डॉक्टरबाईंकडे गेली, त्यांचा हात उचलला आणि कपाळाला लावला. बिसा. थोरांना करतात तो नमस्कार, अगदी नीट. क्षणभर जेनालिन इतकी सुखावली की कशासाठी आलोय तेच विसरली.

डॉक्टरबाई विरघळल्या. "अगंबाई, किती गुणाची." मग ठोकळे झाले, चित्रं झाली, प्रश्न झाले. बाहेर बाक भरलेला होता. चाळीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "मम्मी, काही खुणा आहेत. पण ती स्वतःहून माणसाजवळ जाते, आदर दाखवते. घाईनं शिक्का नको मारायला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे जून गेला, वर्ग गेला. जेनालिननं पोरीकडे पाहिलं. मिकायचा उजवा हात अजून पसरलेला होता, तळवा वर. आणि नानायच्या पिशवीतून बिस्कोचोचा, त्या कुरकुरीत टोस्टांचा, गोड लोण्याचा वास येत होता.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती उठली, टेबलावरच्या खोक्यातून एक रबरी हातमोजा ओढला, न विचारता, आणि तोंडानं फुगवला.

"मम्मी, हे काय चाललंय?"

"बघा नुसतं, डॉक."

तिनं फुगलेला मोजा मिकायसमोर धरला. मिकायनं ती जाडजूड पाच बोटं उचलली, कपाळाला लावली, आणि पुन्हा तळवा पसरला. मोज्यालाही तितकाच आदर.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"नानाय," जेनालिन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच टोचला. "सांगा त्यांना."

"काय सांगू? एवढ्या मोठ्या बाईसमोर पोर न शिकवता आणायची? लोक काय म्हणतील, आजीनं वळण लावलं नाही?"

"मी वर्षभर यादीत उभी राहिले. उद्या ही शाळेच्या दाराबाहेर राहिली तर लोक येणारेत का तिला शिकवायला? सांगा."

नानाय पिशवीचा बंद पिळू लागल्या. मग डॉक्टरबाईंकडे न बघता बोलल्या.

"दोन महिने शिकवलं, डॉक. रोज दहादहा वेळा. माझा हात कपाळाला लावायचा, की बिस्कोचोचा तुकडा. मला वाटलं, करता करता एक दिवस वर बघेल. एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही तिनं. कुणाचा हात आहे, तेही नाही बघितलं. मला कळत होतं. मला कळत होतं आणि मी बोलले नाही."

जेनालिनला सासूचा राग आला होता आणि त्याच वेळी त्या म्हातारीला पोटाशी धरावंसं वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती डॉक्टरबाईंकडे वळली. "पुन्हा पहिल्यापासून तपासा. बाहेरच्यांची माफी मी मागते, सगळ्यांची. पण आम्ही इथून उठणार नाही."

डॉक्टरबाईंनी नवा कागद घेतला. बिस्कोचोची पिशवी बाहेर पाठवली. या खेपेला दोन तास लागले, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नानायनं खरं उत्तर दिलं, चपलांसकट. शेवटी डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "सॉरी, मम्मी. ऑटिझमच आहे."

"सॉरी कशाला? पोर माझी आहे, मला आवडते. तुम्ही तेवढी सही नीट करा. शिक्का पुसट उठला तर आमच्याकडे परत पाठवतात."

परतीच्या व्हॅनमध्ये गावचीच एक बाई आधीपासून खिडकीशी बसलेली होती. ती मिकायला बघून चुकचुकली आणि आवाज मुद्दाम बारीक करून तिनं विचारलं, "मग, चोलेंग? काही नाही ना निघालं?"

जेनालिननं उत्तरासाठी तोंड उघडलं. पण नानायनं तिच्या मांडीवर हात दाबला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझ्या नातीला ऑटिझम आहे. तू ऊठ आता, तिला खिडकी लागते."